काविळीत आधी सोनोग्राफी की थेट एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय)?

खानापूरहून मावशीला बेळगावला आणलं तेव्हा तिचे डोळे हळदीसारखे पिवळे होते आणि अंगाला सारखी खाज. झाडपाल्याच्या औषधात आमचे चार दिवस गेले होते, त्याची अजून हळहळ वाटते.

डॉक्टरांनी आधी सोनोग्राफी सांगितली, आणि ते योग्यच होतं. खर्च कमी, किरणांचा त्रास नाही. फक्त सहा-आठ तास उपाशी जायचं, कारण जेवलं की पित्ताशय आकसतं. पित्ताशयातले खडे ती छान दाखवते: पांढरा ठिपका, मागे काळी सावली. मुख्य पित्तनलिका, म्हणजे पित्त आतड्यात नेणारी नळी, साधारण 6 मिलिमीटरपर्यंत रुंद असते. उतारवयात किंवा पित्ताशय काढलेलं असेल तर थोडी जास्त. मावशीची 11 भरली, म्हणजे पित्त कुठेतरी अडलेलं. पण अडलंय कशानं, ते दिसेना. नलिकेचं खालचं टोक आतड्यातल्या वायूआड दडतं आणि वायूतून ध्वनिलहरी पुढे जात नाहीत. म्हणून रिपोर्टात ‘नलिकेत खडा दिसला नाही’ असं असलं तरी निर्धास्त होऊ नका.

तिथं एमआरसीपी हवी. चुंबकाच्या मशीनमध्ये साधारण अर्धा तास, सांगतील तेव्हा श्वास रोखायचा. पित्त पांढरं उजळतं, नलिकांचं झाड फांद्यांसकट दिसतं. मावशीचा खडा त्यात काळ्या दाण्यासारखा उठून दिसला. खर्च बराच जास्त, अगदी बारीक खडा एमआरसीपीच्याही नजरेतून सुटतो, आणि पेसमेकर असेल तर आधी सांगायलाच हवं.

माझ्या मते सुरुवात सोनोग्राफीनंच करावी. नलिका फुगलेली आणि कावीळ चढती असेल तर एमआरसीपीबद्दल त्याच दिवशी विचारा. काविळीसोबत थंडी वाजून ताप आला, तर रात्र असली तरी गाडी काढा.