गल्ल्यात काय घ्यावे: रोख, यूपीआय की ई-रुपया?

लहान दुकानदाराने यांपैकी कशावर भर द्यावा, हे ठरवताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत: खोटा पैसा आला तर नुकसान कोणाचे, आणि व्यवहाराची नोंद कोणाकडे राहते.

रोखीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर कडू आहे. पाचशेची नोट तिरकी केली की सुरक्षा धागा हिरव्याचा निळा होतो आणि दोन्ही कडांच्या पाच उठावदार रेषा बोटाला लागतात; पण संध्याकाळच्या गर्दीत हे पाहतो कोण? माझ्या बँकेतल्या भरण्यात एकदा बनावट नोट निघाली, तेव्हा रोखपालाने तिच्यावर शिक्का मारून ती ठेवून घेतली आणि माझ्या हाती पावती दिली. पाचशे रुपये गेले ते गेलेच, कारण अशा नोटेची भरपाई नियमात नाही.

यूपीआयमध्ये खोट नोटेत नसते, ग्राहकाच्या मोबाइलवर असते. पैसे गेल्याचा बनावट स्क्रीनशॉट दाखवणारे भेटतात, म्हणून साउंडबॉक्स बोलल्याशिवाय किंवा स्वतःच्या खात्यात जमा दिसल्याशिवाय पिशवी देऊ नये.

नोंदीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. थेट बँक खात्यातून यूपीआयने घेतलेला प्रत्येक चहा ग्राहकाच्या खातेउताऱ्यात उतरतो. १ डिसेंबर २०२२ रोजी किरकोळ वापरासाठी प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेल्या ई-रुपयात, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल चलनात, मात्र खातेउताऱ्यावर वॉलेट (मोबाइलमधले पाकीट) भरल्याची नोंद दिसते, पुढचा खर्च दिसत नाही. लहान रकमांना अनामिकता आणि मोठ्या रकमांचा माग, असा विचार रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षीच्या संकल्पना टिपणात मांडला होता. तरीही वॉलेट बँकेकडून किंवा परवानगी मिळालेल्या कंपनीकडूनच घ्यावे लागते, त्यामुळे ही गुप्तता नोटेसारखी अंगभूत नाही, ती दिलेली आहे, आणि दिलेले काढूनही घेता येते. शिवाय पैसे ठरावीक कामासाठीच खर्च व्हावेत, अशी अट ई-रुपयात घालता येते. अनुदानासाठी ती उपयुक्त असली, तरी सरकारच्या हाती अशी कळ असण्याची भीती मला अवास्तव वाटत नाही.

गंमत म्हणजे यूपीआयचाच क्यूआर ई-रुपयाच्या वॉलेटनेही स्कॅन होतो आणि दुकानदाराचे स्वतःचे वॉलेट नसेल तर रक्कम त्याच्या बँक खात्यात येते. म्हणजे गुप्ततेचा लाभ झालाच तर ग्राहकाला होतो. दुकानदाराची नोंद व्हायची ती होतेच. कर्जासाठी बँकेत जायचे असेल, तर तीच नोंद उपयोगी पडते. म्हणून मी मुख्य भर यूपीआयवर ठेवीन, ई-रुपयासाठी वेगळी धावपळ करणार नाही आणि रोख घेत राहीन, मात्र पाचशेची प्रत्येक नोट तिरकी करून.