होडीच्या कामात इन्स्टंट ग्लू: आठ महिन्यांचा अनुभव

सातपूरला माझं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. गेल्या मे महिन्यात रविवारचा उद्योग म्हणून १२ फुटी होडी करायला घेतली. ६ मिलिमीटर मरीन प्लाय (म्हणजे पाण्यात टिकणारा प्लाय; त्याच्या आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का बघूनच घ्या), कडा तांब्याच्या तारेनं शिवायच्या आणि सांधे आतून इपॉक्सीनं (दोन भाग कालवून लावायचा ग्लू) भरायचे. दोन तारांच्या मधे प्लाय फाकतो. तिथं इन्स्टंट ग्लूचे दोन-दोन थेंब टाकायला लागलो, आणि सवयच लागली.

क्लॅम्प कधी पुरलेत? त्या अडचणीला हा ग्लू म्हणजे तिसरा हात. फर्निचरच्या बीडिंगला तर खिळा मारणंच बंद केलंय. पट्टीला नेहमीचा पांढरा ग्लू, मधेमधे इन्स्टंटचा थेंब, अर्धा मिनिट दाबलं की पुढची पट्टी.

पण तिसऱ्या हातावरच सगळा भार टाकला आणि फसलो. जुलैत सागाचा एक ठोकळा होडीच्या काठाला नुसत्या इन्स्टंट ग्लूनं चिकटवला. हातानं ओढून पाहिला, जागचा हलला नाही. नोव्हेंबरात लाकडी हातोड्याचा एक फटका चुकून बसला आणि ठोकळा टणकन उडाला. खाली चकचकीत कोरडा थर, लाकडाचा एक धागासुद्धा उपटला नव्हता. हा ग्लू वाळला की काचेसारखा ठिसूळ होतो, त्यात साग तेलकट. मग दोन्ही बाजू घासल्या, अ‍ॅसिटोननं पुसल्या आणि सावकाश सेट होणारं इपॉक्सी लावलं.

हवेचं तंत्र सांभाळावं लागतं. हा ग्लू ओलाव्यानं सेट होतो, त्यामुळे पावसाळ्यात फळी नीट बसायच्या आत पकडतो, आणि डिसेंबरच्या कोरड्या थंडीत रेंगाळतो. फट मोठी असेल तर खायचा सोडा भुरभुरवून वर थेंब टाका, क्षणात दगड. तो घासताना पॉलिश पेपर पार बोथट होतो. सांडलेला ग्लू सुती फडक्यानं पुसू नका. मी पुसला, धूर निघाला आणि बोट भाजलं. बंद बाटल्या फ्रीजमध्ये टिकतात, पण दह्याशेजारी ठेवल्यावर घरात काय ऐकावं लागतं ते विचारू नका.

पाच मिनिटांचं इपॉक्सीही वापरलं. मेच्या उन्हात अर्धा कप एकदम कालवलं, ते कपातच तापून प्लास्टिक वाकलं. आता चमचाभरच कालवतो, तेही पाण्याच्या रेषेच्या वरच्या कामापुरतं.

गेल्या रविवारी होडी सुताराच्या लाकडी घोड्यांवर ठेवून आत चार बादल्या पाणी ओतलं. सगळे सांधे कोरडे. एकाच जागी थेंब लोंबत होता: तार काढल्यावर राहिलेलं भोक, जे मी घाईत ग्लू आणि सोड्यानं बुजवलं होतं.