देवमासे, तारे आणि सात रात्री: माउई बेटावरील एका साधना-शिबिराविषयी

हवाई बेटांपैकी माउई या बेटावर फेब्रुवारीच्या उत्तरार्धात झालेल्या एका साधना-शिबिराला मी गेले होते. सात रात्रींचा मुक्काम, सकाळ-संध्याकाळ सामूहिक ध्यान, दोनदा बोटीतून देवमासे पाहायला जाणे आणि एका रात्री हालेआकाला पर्वतावर आकाशदर्शन, असा कार्यक्रम होता. आम्ही अठरा जण होतो. शुल्क माणशी २,४०० डॉलर होते आणि विमानभाडे त्यात धरलेले नव्हते. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण ज्या उणिवांबद्दल लिहिणार आहे त्या एकाच संस्थेपुरत्या नसाव्यात, आणि अशा शिबिराला जाऊ इच्छिणाऱ्याला नावापेक्षा आधी काय विचारून घ्यावे हे कळणे अधिक उपयोगाचे आहे.

माझे मत आधीच सांगते. समुद्रावरचा भाग इतका चांगला होता की तेवढ्यासाठीही मी पुन्हा जाईन. आकाशदर्शनाचा बेत मात्र तिथी न पाहता आखला गेला होता आणि त्याची किंमत सगळ्यांना मोजावी लागली. ध्यानाच्या सत्रांत जेवढे बोलणे झाले त्याच्या निम्मे झाले असते तर ती दुपटीने चांगली झाली असती.

शिबिराचा हंगाम अचूक निवडलेला होता. हंपबॅक जातीचे देवमासे उन्हाळ्यात अलास्काच्या आसपासच्या थंड समुद्रात पोट भरतात आणि हिवाळ्यात सुमारे ४,८०० किलोमीटर पोहत हवाईच्या उबदार पाण्यात मीलनासाठी आणि विण्यासाठी येतात. इथल्या मुक्कामात मोठे देवमासे जवळजवळ काहीच खात नाहीत, आई अंगच्या चरबीवर स्वतः तग धरते आणि त्याच चरबीच्या बळावर पिल्लाला दूध पाजते. माउई, लानाई आणि मोलोकाई या बेटांमधला समुद्र उथळ आणि आडोशाचा असल्यामुळे लेकुरवाळ्या माद्या तिथे थांबतात, आणि फेब्रुवारीत किनाऱ्यावर नुसते बसून राहिले तरी अर्ध्या तासात कुठे ना कुठे फवारा दिसतोच. या सगळ्या परिसराला १९९२ साली हंपबॅक देवमाशांचे राष्ट्रीय सागरी अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले. एकेकाळी याच बेटावरचे लाहायना हे देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांचे गजबजलेले बंदर होते, हे लक्षात घेतले म्हणजे आज त्याच पाण्यात आया पिल्ले वाढवताना पाहण्याचे मोल कळते.

दोन्ही वेळा बोट माआलाया बंदरातून सकाळी सात वाजता निघाली, आणि या वेळेबद्दल आयोजकांचे खास कौतुक केले पाहिजे. तिथे दिवस चढला की वाऱ्याचा जोर वाढतो, लाटा उठतात आणि निम्म्या लोकांना बोट लागते. सकाळी पाणी शांत असते आणि फवारे दुरूनही स्पष्ट दिसतात. बोट लहान होती आणि कप्तान नियमांना पक्का होता. हवाईत हंपबॅकच्या १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९० मीटरांच्या, आत बोट नेणे कायद्याने मना आहे. आमच्यातल्या एकाने आणखी थोडे पुढे जाता येईल का असे विचारले तेव्हा कप्तानाने शांतपणे नाही म्हटले आणि नियम समजावून सांगितला. पुढे एक आई आणि पिल्लू आपणहून आमच्या दिशेने येऊ लागली तेव्हा त्याने इंजिनाचा गियर काढला आणि ती दोघे निघून जाईपर्यंत आम्हाला एका जागी बसवून ठेवले.

त्या बसण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण मला साधना म्हणून जे काही मिळाले ते तिथे मिळाले. पिल्लू दर तीन-चार मिनिटांनी वर येत होते, कारण त्याला दम कमी असतो. आई खाली थांबत होती. आमच्या मार्गदर्शक बाईंनी त्या वेळी एवढेच सुचवले की पुढच्या वेळी आई वर येईपर्यंत प्रत्येकाने आपापले श्वास मोजावेत. माझे एकशे बारा झाले. मग बोटीपासून बऱ्याच अंतरावर पाणी फुगल्यासारखे वर उचलले गेले, काळीभोर पाठ बाहेर आली, आणि वाफेची शिट्टी सोडावी तसा तो उच्छ्वास सबंध समुद्रावर ऐकू आला. दुर्बिणीतून डोक्यावरच्या दोन नाकपुड्या उघडून पुन्हा घट्ट मिटताना दिसल्या आणि डोक्यावरच्या सुपारीएवढ्या गाठींवरून पाणी ओघळताना दिसले. देवमाशाचा श्वास आपल्यासारखा नकळत चालत नाही, प्रत्येक श्वास त्याला ठरवून घ्यावा लागतो. प्राणायामाच्या वर्गात मी अनेक वर्षे बसले आहे, पण एक श्वास घेणे ही एक कृती आहे याची जाणीव मला इतकी लख्खपणे कधी झाली नव्हती. कुणीही बोलले नाही. बाईंनीही नंतर त्यावर भाष्य केले नाही, आणि संपूर्ण शिबिरातला त्यांचा सर्वांत चांगला निर्णय मी हाच मानते.

दुसऱ्या फेरीत पाण्याखालचा मायक्रोफोन, म्हणजे हायड्रोफोन, सोडून नराचे गाणे ऐकवले गेले. गाणे फक्त नर गातात. एका परिसरातले सगळे नर साधारण एकच गाणे गातात आणि हंगामभर ते हळूहळू बदलत जाते. या आवाजांना ठरावीक क्रमाने येणारी, पुन्हा पुन्हा गायली जाणारी रचना असते, हे रॉजर पेन आणि स्कॉट मॅकव्हे यांनी १९७१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले होते. स्पीकरमधून येणारा आवाज आधी खोल हुंकारासारखा होता, मग कोरड्या रहाटाच्या कुरकुरीसारखा चढत गेला आणि शेवटी फुग्यावर ओले बोट घासावे तसा बारीक झाला. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

नेमके इथेच माझे आयोजकांशी पटले नाही. त्या संध्याकाळच्या सत्रात दुसऱ्या मार्गदर्शकांनी असे सांगितले की या गाण्यातील कंपने ऐकणाऱ्याच्या शरीरातील आजार दूर करतात, आणि त्यांचे ध्वनिमुद्रण विक्रीला ठेवले. आमच्यात दोन जण गंभीर आजारातून उठलेले होते. त्यांच्यासमोर असे विधान करणे मला मुळीच योग्य वाटले नाही. देवमाशाचे गाणे आपल्यासाठी गायलेले नाही, ते त्याच्या स्वतःच्या जगातले आहे, आणि तरीही आपल्याला ऐकायला मिळते. श्रद्धाळू माणसाला नतमस्तक व्हायला हे पुरेसे आहे. त्यावर औषधी गुणांची पुटे चढवल्याने ते मोठे होत नाही. मी हे सत्र संपल्यावर त्यांना सांगितले आणि त्यांनी ऐकून घेतले, ही गोष्टही नोंदवायला हवी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यात उतरले, डोके पाण्याखाली घातले, आणि कोणत्याही यंत्राशिवाय तेच गाणे दुरून, अगदी बारीक, ऐकू आले. हिवाळ्यात माउईच्या पाण्यात पोहणाऱ्यांना हे नेहमी ऐकू येते. वेळापत्रकात याचा उल्लेखही नव्हता.

आता आकाशाविषयी. शिबिर शुक्ल नवमीला सुरू झाले आणि पौर्णिमेला संपले. शेवटच्या रात्री समुद्रकिनारी चांदण्यात ध्यान व्हावे ही आयोजकांची इच्छा होती, आणि ते ध्यान खरोखर सुंदर झाले. परंतु त्याच आठवड्यात हालेआकालावरचे आकाशदर्शनही ठेवायचे म्हणजे एकाच घरात दोन विरुद्ध गोष्टी मागण्यासारखे आहे. आम्हाला त्रयोदशीच्या संध्याकाळी वर नेले. हालेआकालाचे शिखर ३,०५५ मीटर उंच आहे, तिथली हवा कोरडी आणि स्वच्छ असते, आणि व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांच्या वेधशाळा तिथे उगाच उभारलेल्या नाहीत. मृग, व्याध, कृत्तिका आणि दक्षिणेला अगस्त्य एवढे दिसले. आकाशगंगा नाही, देवयानी दीर्घिकाही नाही. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरची ही दीर्घिका काळोख्या आकाशात नुसत्या डोळ्यांनी धूसर ठिपक्यासारखी दिसते, पण चंद्रप्रकाशात ती पार बुडाली होती. दुर्बीण चंद्राकडे वळवली गेली, मात्र पौर्णिमा जवळ आली की चंद्रावर सावल्या उरत नाहीत आणि विवरे सपाट दिसतात, त्यामुळे तेही धड झाले नाही. शिवाय वर थंडी गोठणबिंदूच्या जवळ होती आणि सूचनापत्रात गरम कपड्यांविषयी एक ओळही नव्हती. सुती कपड्यांत आलेली माणसे वीस मिनिटांत गाडीत जाऊन बसली. काळोखाला डोळे नीट सरावायलाच वीस ते तीस मिनिटे लागतात, म्हणजे चंद्र नसता तरी त्यांच्या पदरी फारसे काही पडले नसते.

आकाश आम्हाला मिळाले ते कार्यक्रमाबाहेर. दशमीच्या रात्री चंद्र तीनच्या सुमाराला मावळला आणि आम्ही चौघी चार वाजता उठून किनाऱ्यावर गेलो. मी टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद रबराने बांधला होता, कारण लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे फारसे बिघडत नाहीत. दक्षिणेला समुद्राच्या अगदी वर त्रिशंकू होता. आग्नेयेला वृश्चिक वर येत होता आणि त्याच्या शेपटाशी आकाशगंगेचा दाट पट्टा पाण्यातून निघाल्यासारखा दिसत होता. आणि बरोबर डोक्यावर, मान पूर्ण मागे टाकल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, स्वातीचा तारा होता. महाराष्ट्र आणि हवाई जवळजवळ एकाच अक्षांशावर असल्यामुळे स्वाती आपल्याकडेही असाच माथ्यावरून जातो, आणि इतक्या दूर येऊन तो ओळखीच्या जागी सापडला याचा मला फार आनंद झाला.

या ताऱ्याला हवाईयन भाषेत होकुलेआ म्हणतात, म्हणजे आनंदाचा तारा, हे आम्हाला त्याच दिवशी दुपारी एका स्थानिक ज्येष्ठ बाईंनी सांगितले. दक्षिणेकडून घरी परतणाऱ्या नाविकाला हा तारा थेट माथ्यावर आला की आपण हवाईच्या अक्षांशावर पोहोचलो हे कळते. याच नावाची जोडनौका १९७६ च्या मे महिन्यात याच माउई बेटावरच्या होनोलुआ उपसागरातून निघाली आणि माउ पियाइलुग या नाविकाने तारे, लाटा आणि वारा यांच्या आधारे, कोणतेही उपकरण न वापरता, ती ताहितीला पोहोचवली. हे अंतर सुमारे ४,००० किलोमीटर आहे. बाईंना बोलायला पाऊण तास दिला होता आणि तो सगळ्यांना अपुरा वाटला. आदल्या संध्याकाळी मंडलात बसून प्रत्येकाने आपापल्या भावना सांगण्याचे सत्र मात्र दीड तासाच्या वर चालले होते. माझ्या मते या दोन वेळा अदलाबदल करायला हव्यात, आणि बाईंचे बोलणे आकाशदर्शनाच्या आदल्या दिवशी ठेवायला हवे.

लाहायनाबद्दल आयोजकांनी पहिल्याच दिवशी नीट बोलायला हवे होते. ऑगस्ट २०२३ च्या वणव्यात ते गाव जवळजवळ पूर्ण जळाले आणि शंभरावर माणसे गेली. आमच्या निवासात काम करणाऱ्यांपैकी एकीचे घर त्यात गेले होते, हे आम्हाला चौथ्या दिवशी योगायोगाने कळले. तोवर आमच्यातले काही जण त्या भागात जाऊन फोटो काढून आले होते, आणि कळल्यावर त्यांना अतिशय वाईट वाटले. करुणेवर रोज सकाळी ध्यान करणाऱ्या शिबिराने ही एवढी माहिती आधी द्यायलाच हवी.

निवास स्वच्छ होता, जेवण साधे आणि शाकाहारी होते, खोलीत दोघींची सोय होती. किनाऱ्यावरच्या दिव्यांचा झोत खाली वळवलेला होता, ही काळजी घेणाऱ्याचे आभार. सनस्क्रीन नेताना मात्र खनिज घटकांचे न्यावे, कारण प्रवाळाला अपाय करणाऱ्या रसायनांच्या सनस्क्रीनवर तिथे कायद्याने निर्बंध आहेत, आणि आमच्यातल्या तिघांच्या बाटल्या त्यामुळे तशाच पडून राहिल्या.

अशा शिबिरात नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांना तिथी विचारावी, म्हणजे आकाशदर्शन अमावास्येच्या चार-पाच दिवस आगेमागे आहे की नाही हे कळेल. बोट किती माणसांची आहे आणि सकाळी किती वाजता निघते हे विचारावे. मौनाची वेळ दिवसाला किती हेही विचारावे, कारण वेळापत्रकात ‘सत्र’ एवढेच लिहिलेले असते आणि त्यात बोलणे किती हे कळत नाही. मी माझा अभिप्राय या सगळ्या तपशिलासह लेखी पाठवला. पंधरा दिवसांनी उत्तर आले की पुढच्या फेब्रुवारीचे शिबिर कृष्ण एकादशीला सुरू होईल आणि हालेआकालाची रात्र अमावास्येला ठेवली आहे. ध्वनिमुद्रणाच्या विक्रीबद्दल त्यांनी काही लिहिलेले नाही. मी तो प्रश्न पुन्हा विचारला आहे आणि उत्तर आल्यावर नाव नोंदवायचे की नाही ते ठरवीन.