जुन्या कौटुंबिक छायाचित्रांसाठी गिम्प : काही महिन्यांच्या वापरानंतर

घरातल्या जुन्या छायाचित्रांची डागडुजी करण्यासाठी गेले काही महिने मी गिम्प ही चित्रसंपादनाची मोफत आणि मुक्त स्रोत संगणक प्रणाली वापरत आहे. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० या आवृत्तीपासून बहुतेक फिल्टर मूळ चित्राला धक्का न लावता चढवता येतात आणि नंतर हवे तेव्हा बदलता किंवा काढून टाकता येतात. रात्री ठीक वाटलेला काँट्रास्ट सकाळी भडक दिसतो, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना या एका सोयीचे मोल कळेल.

मात्र निम्मे यश स्कॅनिंगच्या वेळीच ठरते. आमच्याकडची बरीच कृष्णधवल छायाचित्रे १२० या रुंद फिल्मच्या ६×६ सेंमी (प्रत्यक्षात सुमारे ५.६ सेंमी) निगेटिव्हवरून तेवढ्याच आकारात काढलेली आहेत. असे छायाचित्र ६०० डीपीआयने (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केले तर एका बाजूला जेमतेम १,३०० पिक्सेल मिळतात, आणि आठ इंची प्रत ३०० डीपीआयने छापायला २,४०० लागतात. म्हणून असे लहान फोटो मी १,२०० डीपीआयने, छटांचे बारकावे जपणाऱ्या १६ बिट टिफ स्वरूपात स्कॅन करतो. खरखरीत, रेशमी पोताच्या कागदावरचा फोटो एकदा सरळ आणि एकदा १८० अंशांत फिरवून स्कॅन करावा, दुसरा स्कॅन गिम्पमध्ये पुन्हा सरळ करून दोन्ही एकावर एक थर म्हणून नीट जुळवावेत आणि वरच्या थराची अपारदर्शकता ५० टक्के ठेवावी; पोताची चमक बरीच कमी होते.

ओरखडे आणि घडीच्या रेषा काढायला आजूबाजूच्या रंगात मिसळून डाग भरणारे हीलिंग हे साधन उत्तम आहे, पण जिथे गडद आणि फिकट भाग एकमेकांना भिडतात तिथे ते रंग फासल्यासारखे करते. लुगड्याच्या काठावरून गेलेली भेग मी क्लोनने, म्हणजे एका जागेची हुबेहूब नक्कल दुसरीकडे उमटवणाऱ्या साधनाने, काठाच्याच शेजारच्या तुकड्यावरून भरतो. काम किचकट आहे, पण काठाची नक्षी तुटत नाही. लालसर पडलेल्या जुन्या रंगीत फोटोंत बहुधा निळसर, म्हणजे सायन, रंगद्रव्य उडालेले असते. उजेड-काळोखाची पातळी बदलणाऱ्या ‘लेव्हल्स’मध्ये लाल वाहिनी (चित्रातला फक्त लाल रंगाचा भाग) निवडून काळा बिंदू, म्हणजे डावीकडची काळी खूण, थोडा उजवीकडे सरकवला की सावल्यांतली लाली उतरते. एका बटणात होणारे ‘व्हाइट बॅलन्स’ही आधी करून पाहावे, कधीकधी तेवढ्यावर भागते.

आकार वाढवण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे एक वेगळे साधनही मी सोबत वापरून पाहिले. भिंत, झाडे, कपडे यांना त्याने छान उठाव दिला. आजीचा चेहरा मात्र नितळ, देखणा आणि परका झाला. कुंकू डाग समजून पुसले गेले, नथीचा मोती ओठात विरघळला आणि डोळ्यांखालच्या सुरकुत्यांबरोबर तिची ओळखही गेली. पिक्सेल कमी असले की असे साधन चेहरा शोधत नाही, रचते. तेव्हापासून वाढवलेल्या चित्रावर मूळ स्कॅन, साध्या ‘क्युबिक’ पद्धतीने तेवढाच मोठा करून, वेगळा थर म्हणून ठेवतो आणि थराचा मुखवटा (थराचा हवा तेवढाच भाग दाखवणारे आवरण) वापरून चेहरे व हात त्यातलेच घेतो. चेहरा थोडा धूसर राहतो, पण माणूस तेच राहते.

गिम्प शिकायला सोपे नाही, हे मोकळेपणाने सांगायला हवे. नेहमीच्या ‘सेव्ह’ने फक्त त्याची स्वतःची एक्ससीएफ फाइल तयार होते आणि जेपेग हवे असेल तर ‘एक्स्पोर्ट’ करावे लागते, इथेच नवखा माणूस गोंधळतो. ज्यांना एकदोनच फोटो नीट करायचे आहेत त्यांनी चांगल्या स्टुडिओत जावे.

लहान प्रत काढायची असल्यास सगळी दुरुस्ती पूर्ण आकारात संपवून, एक्ससीएफ जपून ठेवून, मगच आकार एकदाच कमी करावा आणि धार (‘शार्पन’) त्यानंतर द्यावी. ४×६ इंची छपाईला १,२०० × १,८०० पिक्सेल पुरतात. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. फोटो म्हणून पाठवली तर ती तिथे पुन्हा आकुंचित होऊन तिचा दर्जा घटतो, आणि हमखास कोणीतरी तीच प्रत फ्रेम करायला घेऊन जाते.