टूरिंग सायकल काही महिने वापरल्यानंतर: रिमच्या एका भोकाबद्दल बरेच काही, बाकीचे थोडक्यात

सायकल चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा मजकूर वाचून तसे वाटणार नाही. क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या) स्टीलची फ्रेम, पुढे ४८-३६-२६ आणि मागे ११-३४ दात्यांची चक्रे, ३६ तारांची चाके, ७०० बाय ३८चे टायर, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक ही सगळी माहिती कंपनीच्या पत्रकात आहे आणि लांब पल्ल्याची सायकल शोधणाऱ्याला ती एव्हाना तोंडपाठ झालेली असते, म्हणून तिची उजळणी करत नाही. त्या पत्रकात जे कुठेच लिहिलेले नव्हते आणि ज्याने मला अंबाजोगाईपासून माहूर, पैठण, परांड्यापर्यंतच्या वाटांवर छळले, ते म्हणजे रिमला हवा भरायच्या वॉलसाठी पाडलेले साडेसहा मिलिमीटरचे भोक.

हे भोक प्रेस्टा वॉलचे आहे. महागड्या आणि रेसिंगच्या सायकलींना हा बारीक, टोकाला छोटा स्क्रू असलेला वॉल येतो. मोटारसायकलीला आणि चारचाकीला जो येतो तो श्रेडर, आणि त्याला साधारण साडेआठ मिलिमीटरचे भोक लागते. आपल्याकडच्या काळ्या सायकलीला असतो तो डनलॉप पद्धतीचा, ज्याच्या पिनेवर रबराची वाल ट्यूब चढवलेली असते. तोही श्रेडरच्याच भोकात बसतो. मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी ट्यूब मागितली तर या दोन वॉलांपैकी एकाचीच मिळते. म्हणजे केवळ दोन मिलिमीटर वाचवून कंपनीने माझ्या रिमला गावोगावच्या दुकानांपासून तोडून टाकले आहे, आणि हे त्या सायकलीचे, जी ‘कुठेही जा’ म्हणून विकली जाते.

जिंतूर सोडून औंढ्याकडे निघालो असताना मागची ट्यूब वॉलच्या बुडाशी फाटली. ट्यूब इतरत्र कुठेही फाटली तर ठिगळ लावता येते. वॉलच्या मुळाशी फाटली तर येत नाही, कारण तिथे ठिगळाला सपाट जागाच मिळत नाही आणि हवा भरताना वॉल जरा हलला की सोल्युशन सुटते. जवळची जादा ट्यूब वेड्या बाभळीच्या काट्याने आधीच आडवी चिरलेली होती. टेम्पोत सायकल टाकून जिंतूरला परत आलो आणि तिथल्या दुकानदाराने चाक हातात घेऊन, वॉल अंगठ्याने चाचपून, एका वाक्यात निकाल दिला : “सर, ट्यूबा माझ्याकडं धा हायेत, पन तुमच्या चाकाला भोकच बारीक हाय.” सायकलीसह अंबाजोगाईला परतायला मोजलेल्या भाड्यात काळ्या सायकलीच्या दोन्ही चाकांचे टायर-ट्यूब आले असते, आणि हा हिशेब मी घरी पोहोचेपर्यंत मनातल्या मनात अनेकदा करून पाहिला.

यावर हमखास येणारे उत्तर असे की पितळी अडॅप्टर जवळ ठेवावा. अडॅप्टर माझ्याजवळ पहिल्यापासून आहे. त्याने मोटारसायकलीच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते, हे खरे. पण अडचण हवेची नसून ट्यूबची आहे, आणि अडॅप्टरमधून ट्यूब निघत नाही.

माप जुळत नाही म्हणून काळ्या सायकलीची ट्यूब तशीही चालली नसती, असे पुष्कळांना वाटते. ते बरोबर नाही. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेले आकडे पाहिले तर माझ्या ७०० बाय ३८च्या टायरवर ४०-६२२ आहे आणि काळ्या सायकलीच्या २८ बाय दीडच्या टायरवर ४०-६३५. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. व्यासात फरक १३ मिलिमीटरचा, म्हणजे परिघात जेमतेम ४ सेंटीमीटरचा. टायरच्या बाबतीत हा फरक घातक आहे : ६३५चा टायर ६२२च्या रिमवर ढिला राहील आणि हवा भरताच उसळून बाहेर येईल. ट्यूब मात्र रबराची असते, रुंदी सारखीच असल्यामुळे ती आत सामावते. थोडी हवा भरून, हाताने चाचपत घडी पडू दिली नाही, म्हणजे झाले. बाजारातल्या पुष्कळ ट्यूबांच्या खोक्यांवर ६२२ आणि ६३५ ही दोन्ही मापे एकत्रच छापलेली असतात. शंभर-सव्वाशेच्या त्या ट्यूबच्या आणि माझ्या साडेचारशेच्या ट्यूबच्या मध्ये उभे होते ते फक्त भोक.

दुकानाशी झालेला पत्रव्यवहार थोडक्यात सांगण्यासारखा आहे. ज्या शहरातून सायकल घेतली तिथल्या विक्रेत्याला मी विचारले की रिमचे भोक मोठे करून मिळेल का, किंवा श्रेडरची रिम बदलून मिळेल का. उत्तर आले की भोक मोठे केल्यास चाकाची वॉरंटी संपेल, रिम बदलण्याची सोय नाही, आणि मी त्यांच्याकडून चार जादा ट्यूबा घेऊन ठेवाव्यात. शेवटच्या सूचनेत ट्यूबांची किंमतही न विसरता लिहिलेली होती. वॉरंटी नेमकी कशाची आहे, असे विचारल्यावर कळले की तारा, रिमची झीज आणि ‘अयोग्य रस्त्यांवरील वापर’ तिच्यात धरलेला नाही. मांजरसुंबा ते केज हा रस्ता योग्य की अयोग्य, हा प्रश्न मी मग विचारला नाही.

शेवटी काम आमच्या गावच्याच मिस्त्रींनी केले, आणि ते कसे केले हे सविस्तर लिहितो, कारण कुणाला करायचे असेल तर उपयोगी पडेल. त्यांनी आधी रिमची आतली रुंदी मोजली. रेसिंगच्या अरुंद रिमला हा उद्योग करू नये, तिथे भोकाच्या दोन्ही बाजूंना पुरेसा पत्राच उरत नाही. माझी रिम आतून जवळपास २० मिलिमीटरची असल्यामुळे त्यांनी मान डोलावली. ड्रिलच्या टोकाला ग्रीस फासले, म्हणजे ॲल्युमिनियमचा कीस रिमच्या पोकळीत न पडता टोकालाच चिकटतो. भोक एकदम साडेआठचे न पाडता टप्प्याटप्प्याने वाढवले, मग गोल कानशीने दोन्ही बाजूंच्या कडा मारल्या. त्यानंतर त्यांनी जे केले ते मी कोणत्याही कंपनीच्या कार्यशाळेत पाहिलेले नाही : कापसाचा बोळा भोकाच्या कडेवरून फिरवला, एका जागी दोन तंतू अडकले, तिथे पुन्हा कानस मारली, आणि तंतू अडकेनासे झाल्यावरच रिमची पट्टी बसवली. जिथे कापूस अडकतो तिथे ट्यूब फाटते. हीच युक्ती टायरच्या आतून फिरवली तर रुतून राहिलेल्या काट्याचे टोकही सापडते, आणि बोटही रक्ताळत नाही. दोन्ही चाकांची मजुरी एका प्रेस्टा ट्यूबच्या किमतीपेक्षा कमी होती.

तेव्हापासून मागे-पुढे काळ्या सायकलीची ट्यूब आहे. तिचे दोषही सांगायला हवेत. वाल ट्यूबमुळे हवा भरायला जोर लागतो, पंपावरचा काटा आतला खरा दाब दाखवत नाही, आणि एप्रिल-मेच्या उन्हात ते रबर चिकट होऊन गळते. वाल ट्यूबचा वीतभर तुकडा हँडलच्या पिशवीत ठेवला की शेवटची अडचण मिटते; पहिल्या दोन सोसाव्या लागतात. जवळ उरलेली एक प्रेस्टा ट्यूब अडीनडीला वापरायची झाल्यास मोठ्या भोकात वॉल हलू नये म्हणून त्याच रबराचे वेटोळे बुडाशी घालता येते.

गिअरविषयी तक्रार नाही. पुढच्या २६ आणि मागच्या ३४ दात्यांच्या जोडीवर पायडलचा एक फेरा सायकलीला साधारण एक मीटर सत्तर सेंटीमीटर पुढे नेतो, म्हणजे मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी सहा किलोमीटर. रेसिंग सायकलीला पुष्कळदा असणारा ३४ आणि २८चा सर्वांत हलका गिअर एका फेऱ्यात अडीच मीटर ओढायला लावतो. परळीहून अंबाजोगाईला चढताना मागे वीस किलोचे सामान असेल तेव्हा हा फरक गुडघ्याला कळतो. वेग कमी दिसतो म्हणून हलक्या गिअरला नावे ठेवणाऱ्यांनी तो घाट एकदा दुपारी चढावा.

स्टीलच्या फ्रेमबद्दल एक गोष्ट फार सांगितली जाते, की ती कुठल्याही खेड्यात वेल्डिंग करून मिळते. मला हे अर्धेच पटते. क्रोमोलीच्या नळ्यांची भिंत जागोजागी मिलिमीटरपेक्षाही पातळ असते, आणि ट्रॅक्टरची ट्रॉली जोडणाऱ्या माणसाने आपल्या नेहमीच्या सळईने तिथे ठिणगी लावली तर सांधा जुळण्याऐवजी नळीला भोक पडण्याची शक्यता जास्त. कॅरियरची गोष्ट वेगळी. माझ्या कॅरियरची भरीव स्टीलची सळई गंगाखेडच्या अलीकडे तुटली, तेव्हा रस्त्याकडेच्या ट्रॉलीच्या दुकानात चहा होईपर्यंत ती जोडून मिळाली आणि पैसे घ्यायला त्या गृहस्थांनी नकार दिला. तो जोड अजून टिकून आहे, दिसायला गाठीसारखा, पण टिकून. म्हणून माझा आग्रह स्टीलच्या फ्रेमपेक्षा स्टीलच्या कॅरियरचा आहे, आणि ॲल्युमिनियमच्या हलक्या कॅरियरवर वाचवलेल्या ग्रॅमांचे काय करायचे, हे मला अजून उमगलेले नाही.

डिस्क ब्रेकबद्दल माझे मत मात्र या काळात पुरते फिरले. घेताना ते मला नको होते : एक तर किंमत वाढते, त्यात त्यांचे पॅड तालुक्याला मिळत नाहीत, आणि साधे रिमवर दाबणारे ब्रेक कुणालाही उमगतात. पावसाळ्यात पाथरीकडच्या एका शेतरस्त्याने मत बदलायला लावले. काळी माती ओली झाली की टायरला थरांवर थर चढतात. रिमवरचे ब्रेक असते तर तीच माती पॅड आणि रिम यांच्यामध्ये सहाणेवर उगाळल्यासारखी उगाळली गेली असती. डिस्क चाकाच्या मध्याशी, मातीपासून लांब असल्यामुळे ब्रेक शेवटपर्यंत लागत होते. पॅडचे दोन जोड पाकिटात ठेवले की काम भागते, ते ट्यूबसारखे अचानक फुटत नाहीत. मडगार्ड मात्र त्याच रस्त्यावर काढून कॅरियरला बांधावे लागले, कारण टायर आणि मडगार्ड यांत बोटभरही अंतर नाही आणि माती भरल्यावर चाक जागचे हलेना. जून ते सप्टेंबर डांबर सोडून आत शिरणार असाल तर मडगार्ड घरी ठेवावेत.

टायर मूळचे होते ते सराट्यांनी चाळणी केल्यावर मागच्या चाकाला श्वाल्बे कंपनीचा मॅरेथॉन प्लस हा टायर घातला. त्यात पाच मिलिमीटर जाडीचा रबरी थर आहे. सराटा त्यात रुततो आणि तिथेच राहतो. वेड्या बाभळीचा लांब काटा सरळ घुसला तर तोही थर अपुरा पडतो. टायर जड आहे, महाग आहे, म्हणून मी तो एकच घेतला आणि जिथे वजन जास्त पडते त्या मागच्या चाकाला घातला. पुढचे पंक्चर मी अजून रस्त्याकडेला बसून काढतो.

नवीन घेणाऱ्याने फ्रेमचा रंग आणि गिअरांची संख्या यांच्याआधी दुकानात चाकाचा वॉल पाहावा. जाडसर, मोटारसायकलीसारखा असेल तर त्या भोकात काळ्या सायकलीची ट्यूबही बसेल आणि पुढे बोलणी करायला हरकत नाही. बारीक असेल तर भोक मोठे केल्यावरही चाकाची वॉरंटी राहील, असे पैसे देण्याआधी बिलावर लिहून मागावे. लिहून देत नसतील आणि उंचीला जमत असेल, तर २६ इंची, म्हणजे ५५९ मापाच्या चाकांची टूरिंग सायकल शोधावी. गावातल्या पोरांच्या गिअरच्या सायकली पुष्कळदा त्याच मापाच्या असतात, आणि तिचे टायर व ट्यूब दोन्ही केजच्या बाजारात टांगलेले मी पाहिले आहेत.