नाणेनिधीचा कर्जतपासणीचा एक्सेल साचा: कुठे कामाचा, कुठे फसवा

एखाद्या सरकारला आपलं कर्ज लांबच्या पल्ल्यात झेपेल का, हे ठरवण्यासाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक अल्प उत्पन्न देशांकरता जी चौकट वापरतात, ती प्रत्यक्षात एक भलीमोठी एक्सेल फाइल आहे. चौकट २००५ मध्ये आली. सध्याची आवृत्ती २०१७ मध्ये मंजूर झाली आणि जुलै २०१८ पासून वापरात आहे. फाइल फुकट मिळते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने किंवा अर्थसंकल्पावर लिहिणाऱ्या पत्रकाराने ती एकदा तरी स्वतः भरून पाहावी, कारण अहवालात छापलेला ‘मध्यम धोका’ हा शेरा कसा तयार होतो ते वाचून कळत नाही, आकडे भरतानाच कळतं.

आधी मॅक्रो (एक्सेलमधले आपोआप चालणारे छोटे प्रोग्राम) चालू करावे लागतात, नाहीतर निकालाची पानं जुनेच आकडे दाखवत राहतात. मागच्या १० वर्षांची आकडेवारी आणि पुढच्या २० वर्षांचे अंदाज द्यावे लागतात. शेरा मात्र पहिल्या १० वर्षांवरच ठरतो. वेळ सगळ्यात जास्त जातो तो नव्या कर्जाच्या पानावर. तिथे प्रत्येक सावकाराचा व्याजदर, सवलतीचा काळ (मुद्दल फेडायला सुरुवात होईपर्यंतचा) आणि मुदत वेगवेगळी भरायची असते. हा खटाटोप टाळता येत नाही, कारण साचा परदेशी कर्ज दर्शनी किमतीने मोजत नाही, वर्तमान मूल्याने, म्हणजे पुढच्या सगळ्या हप्त्यांच्या आजच्या किमतीने मोजतो. ही किंमत काढायचा वटाव दर २०१३ पासून ५ टक्के ठरलेला आहे. बिनव्याजी १०० रुपये २० वर्षांनी एकरकमी फेडायचे असतील तर साच्याच्या लेखी ते कर्ज सुमारे ३८ रुपयांचं. तेच १०० रुपये बाजारातून ५ टक्क्यांनी घेतले तर पुरते १००. दोन देशांचं दर्शनी कर्ज सारखं असून शेरे वेगळे का, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं.

भरताना हमखास होणारी चूक विनिमय दराची. वर्षअखेरचं थकीत कर्ज वर्षअखेरच्या दराने रूपांतरित करायचं, व्याज आणि हप्ते वर्षाच्या सरासरी दराने. सगळीकडे एकच दर लावला की कर्जवाढीच्या फोडीतला ‘उरलेला फरक’, म्हणजे तूट, व्याज, वाढ अशा कुठल्याच कारणात न बसणारा भाग, फुगतो. तो फरक दरवर्षी जीडीपीच्या २-३ टक्क्यांवर गेला तर पुढे जाऊ नये. एकतर दर चुकला आहे, नाहीतर एप्रिल-मार्चचं वर्ष आणि कॅलेंडर वर्ष यांची सरमिसळ झाली आहे, नाहीतर अर्थसंकल्पाबाहेरचं कर्ज आकड्यांत डोकावतं आहे. तिसरी शक्यता सगळ्यात महत्त्वाची, तिच्याकडे पुढे येऊच.

साचा भरण्याआधी मूळ गणित कागदावर करून ठेवावं. आजचं कर्ज गुणिले व्याजदर आणि वाढीचा दर यांतला फरक, भागिले (१ + वाढीचा दर). इतकी प्राथमिक शिल्लक (व्याज सोडून, जमा वजा खर्च) ठेवली तर कर्ज आणि जीडीपी यांचं प्रमाण आहे तिथेच राहतं. भारताच्या जवळपासचे गोल आकडे घेऊ: कर्ज जीडीपीच्या ८० टक्के, सरासरी व्याज ७ टक्के, महागाईसह वाढ १०.५ टक्के. उत्तर येतं उणे २.५. म्हणजे व्याज सोडून जीडीपीच्या अडीच टक्क्यांची तूट असली तरी प्रमाण वाढत नाही. वाढ ८ टक्क्यांवर आणा, ही मोकळीक पाऊण टक्क्यावर येते. कर्ज तेवढंच, व्याजही तेवढंच. साच्याचं उत्तर या हातगणितापासून फार लांब जात असेल तर आधी साच्यावर शंका घ्यावी. मात्र हे सूत्र देशी चलनातल्या कर्जाचं आहे. डॉलरमधल्या कर्जाला चलनघसरणीचा भाग वेगळा जोडावा लागतो.

आता उंबरठे, म्हणजे कर्जाच्या वरच्या मर्यादा. देशाची कर्ज पेलण्याची कुवत एका संमिश्र निर्देशांकाने ठरते. त्यात जागतिक बँकेचे धोरण आणि संस्थांचे गुण, देशाची वाढ, परकीय गंगाजळी, परदेशात काम करणारे लोक घरी पाठवतात तो पैसा आणि जगाची वाढ एवढं धरलेलं आहे. २.६९ च्या खाली कुवत कमकुवत, ३.०५ च्या वर भक्कम, मधली ती मध्यम. परदेशी कर्जाचं वर्तमान मूल्य जीडीपीच्या किती टक्के चालेल? कमकुवत, मध्यम आणि भक्कम या क्रमाने ३०, ४० आणि ५५. निर्यातीच्या तुलनेत १४०, १८०, २४०. परतफेडीचा बोजा निर्यातीच्या १०, १५, २१ टक्के आणि महसुलाच्या १४, १८, २३ टक्के. एकूण सार्वजनिक कर्जासाठी ३५, ५५, ७०. मूळ अंदाजातच परदेशी कर्जाचा उंबरठा ओलांडला तर धोका ‘जास्त’. फक्त ताण-चाचणीत ओलांडला तर ‘मध्यम’. एखाद्याच वर्षापुरता ओलांडला तर साचा तिकडे काणाडोळा करतो.

इथे एक खाच आहे. वाढीचा अंदाज फुगवला की कर्जाचं प्रमाण तर घटतंच, वर निर्देशांकही चढतो, कारण त्यात पुढच्या ५ वर्षांचे अंदाजही धरलेले असतात. सरासरी वाढीचा एक टक्का निर्देशांकात साधारण ०.०२७ ची भर घालतो. एरवी ही रक्कम किरकोळ, पण देश ३.०५ च्या काठावर असेल तर उंबरठा ४० वरून थेट ५५ होतो. काठावरच्या देशाचा अहवाल हातात आला की निर्देशांकाचा दुसरा दशांश आधी पाहावा.

ताण-चाचण्या ठीकठाक आहेत. बहुतेक धक्के इतिहासातल्या एका प्रमाण विचलनाएवढे (म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण जितके हलतात तितके) असतात, त्यामुळे ज्या देशाची मागची १० वर्षं शांत गेली त्याला धक्काही मऊच बसतो. चलनघसरणीची चाचणी मात्र ठरावीक, ३० टक्क्यांची. तिचा अर्थ नीट समजून घ्या. घसरण देशी चलनाच्या डॉलरमधल्या किमतीत मोजली आहे, त्यामुळे डॉलर ३० नव्हे तर सुमारे ४३ टक्क्यांनी महागतो. ६० टक्के कर्जातलं निम्मं डॉलरमध्ये असेल तर प्रमाण एका रात्रीत ७३ च्या घरात जातं.

पूर्ण फाइलीत सगळ्यात मोलाचं काय, तर वास्तवतेची तपासणी करणारे आलेख. दुर्दैवाने वाचक तेच ओलांडून पुढे जातात. मागच्या अंदाजांनी सांगितलेलं कर्ज आणि प्रत्यक्ष झालेलं कर्ज यांची तुलना तिथे असते. सरकारने ३ वर्षांत करायची कबूल केलेली तूटकपात इतर देशांच्या अनुभवाच्या वरच्या चौथाईत बसते का, हेही दिसतं. खर्च कापूनही वाढ चढतीच दाखवली आहे का, ते तिसऱ्या आलेखात. ग्रीसच्या २०१० च्या कार्यक्रमात नेमकं हेच फसलं होतं. वाढीचे अंदाज आशावादी होते, अशी कबुली निधीने स्वतःच २०१३ च्या मूल्यमापनात दिली. नवा अहवाल उघडला तर शेरा शेवटी वाचा, आधी हे आलेख.

पण मोठा दोष गणितात नाहीच. साचा त्यात भरलेलंच कर्ज मोजतो. मोझांबिकमध्ये सरकारी हमीवर काढलेली १ अब्ज डॉलरहून जास्त कर्जं २०१६ मध्ये उघड झाली, तोवर ती कुठल्याच रकान्यात नव्हती. सेनेगलचं उदाहरण आणखी बोचरं. याच चौकटीने त्याला २०२३ मध्ये ‘मध्यम धोका’ दिला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या लेखापरीक्षण न्यायालयाने २०२३ अखेरचं कर्ज जीडीपीच्या ७४ नव्हे तर जवळपास १०० टक्के असल्याचं सांगितलं. इतक्या तफावतीपुढे कुठलीही ताण-चाचणी थिटीच. साच्यात यासाठी आकस्मिक देण्यांची (दुसऱ्यांची, पण सरकारच्या अंगावर येऊ शकणारी कर्जं) चाचणी आहे खरी, पण सरकारी कंपन्यांसाठी तिचं आयतं मूल्य जीडीपीच्या अवघे २ टक्के आणि वित्तक्षेत्रासाठी ५ टक्के आहे. हे आकडे बदलता येतात. बदलावेतच, आणि कशाच्या आधारे बदलले ते शेजारी लिहून ठेवावं.

भारतासाठी हा साचा नाही, श्रीलंकेसाठीही नाही. बाजारातून कर्ज घेऊ शकणाऱ्या देशांसाठी निधीची वेगळी चौकट आहे. ती २०२१ मध्ये मंजूर झाली. त्यात ठरावीक उंबरठ्यांऐवजी कर्जाच्या शक्यतांचा पंख्यासारखा पसरणारा आलेख असतो, आणि दरवर्षी एकूण किती पैसा उभारावा लागेल यावर भर असतो. एप्रिल २०२२ मध्ये परतफेड थांबवलेल्या श्रीलंकेला दिलेली लक्ष्यं पाहिली की हा फरक कळतो. २०३२ पर्यंत कर्ज जीडीपीच्या ९५ टक्क्यांखाली, हा आकडा ऐकायला सैल वाटतो. खरी पकड पुढच्या दोन अटींत आहे: २०२७ ते २०३२ या काळात एकूण वित्तगरज सरासरी १३ टक्क्यांखाली, आणि परकीय चलनातली परतफेड प्रत्येक वर्षी ४.५ टक्क्यांखाली. सरकार बुडतं ते बहुधा हप्त्याच्या दिवशी, त्यामुळे या बाबतीत नवी चौकट जुन्या साच्याहून उजवी आहे.

महाराष्ट्रासारख्या राज्याचे आकडे या फाइलीत कोंबायचा मोह टाळावा. राज्याला स्वतःचं चलन नाही, गंगाजळी नाही, त्यामुळे अर्धी पानं निरर्थक ठरतात. त्यापेक्षा कोऱ्या पानावर सात रकाने आखा: वर्षारंभीचं कर्ज, व्याज, राज्य उत्पन्नाची चालू किमतींना वाढ, प्राथमिक शिल्लक, त्या वर्षी फेडायचं मुद्दल, महसुली जमेतला व्याजाचा वाटा, आणि शेवटी थकहमी. साखर कारखाने आणि महामंडळांना दिलेल्या हमींची रक्कम अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत छापलेली असते. तिच्यातला एक चतुर्थांश भाग तिसऱ्या वर्षी सरकारच्या अंगावर आला असं धरून सगळं गणित पुन्हा मांडा, आणि मुद्दलाचा रकाना कुठल्या वर्षी उंचावतो ते बघा.