लातूरची ड्रायव्हिंग स्कूल : व्हिसाची वाट बघता बघता गाडी शिकले

मिस्टर अमेरिकेत डॅलसला, मी सासरी लातूरला. त्यांच्या एच-१बीच्या, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या, मुदतवाढीचा अर्ज अजून पडून आहे आणि माझा एच-४, म्हणजे बायकोला मिळणारा व्हिसा, त्याच्यावरच अडकलाय. अर्ज वेळेत गेला की त्याच कंपनीत २४० दिवस काम करता येतं, पण त्यांचं लायसन्स मात्र राहण्याच्या मुदतीबरोबरच संपलं. अर्जाची पावती दाखवली, तरी 'सेव्ह' या सरकारी यंत्रणेतून कागद तपासून येईपर्यंत नवीन लायसन्स मिळेना. तीन आठवडे दुसऱ्याच्या गाडीतून ऑफिसला गेले. त्यांच्या घरापासून किराण्याचं दुकानसुद्धा पायी जाण्यासारखं नाही. फोनवर हे ऐकलं आणि ठरवलं, गाडी इथेच शिकायची.

आधी ज्या स्कूलमध्ये विचारलं, तिथले म्हणाले, "आरटीओचं आमच्यावर सोडा, गाडी नाही आली तरी चालतंय." मी उठून आले. मला लायसन्सचा कागद नको होता, गाडी यायला हवी होती.

दुसरी स्कूल बार्शी रोडवरची. तिथल्या ऑफिसातल्या ताईंनी फीचं बोलायच्या आधी पासपोर्ट आणि आधार मागितलं आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचलं. पासपोर्टवर सासरचं आडनाव, आधारवर माहेरचं. "लर्निंग आधारवरून निघालं की लायसन्सवर माहेरचं नाव येणार. मग परदेशात गाडी चालवायच्या इंटरनॅशनल परमिटला पासपोर्ट जोडताना काय करणार?" आधार दुरुस्त करण्यात माझे तीन आठवडे गेले, राग आला नाही. ही चूक परदेशात कळली असती तर कुणाचे पाय धरले असते?

शिकवणाऱ्यांना सगळे मामा म्हणतात. गाडी जुनी स्विफ्ट, मामांच्या पायाखालीही क्लच-ब्रेक. पहिले चार दिवस माझ्या डाव्या पायाची पोटरी थरथरायची. मामा कधी ओरडले नाहीत. डॅशबोर्डवर बोट ठेवून म्हणायचे, "सोडा... सोडा... थांबा. आता गाडी बोलली बघा." बोनेट जरासं उचलल्यासारखं होतं, तिथे पाय धरायचा. ते एकदा कळलं आणि चढावर गाडी मागे जायची थांबली.

आठव्या दिवशी म्हणाले, "ताई, आज गोलाई." गंज गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यात सोयाबीनचे दिवस, पोत्यांनी भरलेले ट्रॅक्टर. माझा घसा कोरडा पडला. "भेऊ नका, मी हाय की," एवढंच बोलले आणि सबंध फेरीत त्यांनी एकदाही ब्रेकला पाय लावला नाही. त्या दिवशी घरी येऊन मी रडले, आनंदाने.

तक्रारीही आहेत. अर्ध्या तासाचे पैसे घेतात, पण गाडीत दोघी असल्या की हातात स्टिअरिंग वीसच मिनिटं. रात्रीची गाडी शिकवत नाहीत. आरशात बघायची सवय मी मागून घेतली, एरवी सगळा भर आरटीओच्या टेस्टच्या एच ट्रॅकवरच. तिकडे बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायच्या, तेव्हा आरसा मला क्लचपेक्षा जास्त लागणार आहे.

लर्निंगनंतर तीस दिवसांनी टेस्ट देता येते. मी चाळिसाव्या दिवशी दिली, पहिल्या फटक्यात पास. इंटरनॅशनल परमिट मुद्दाम काढलेलं नाही. ते एकच वर्ष चालतं आणि सोबत मूळ लायसन्स लागतंच, मग व्हिसाच्या आधी काढून वर्ष इथेच कशाला घालवायचं? तोवर सासूबाईंना दवाखान्यात मीच घेऊन जाते.

ज्यांची फाईल माझ्यासारखी पेंडिंग आहे त्यांनी या स्कूलमध्ये जरूर जावं. बॅच मात्र सकाळी साडेसहाची मागा. आठनंतर शाळेच्या रिक्षा सुरू होतात आणि निम्मा क्लास सिग्नललाच जातो.